चिमूटभर भुकटी

फेब्रुवारी १९४१. ऑक्सफर्डात थंडीचे दिवस होते आणि युद्धाला दीड वर्ष होत आलं होतं. रोज सकाळी एक तरुण डॉक्टर रॅडक्लिफ इन्फर्मरी या धर्मादाय रुग्णालयाच्या फाटकातून सायकलवर बाहेर पडायचा आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे निघायचा. सोबत बाटल्या असायच्या, आणि बाटल्यांत वॉर्डातल्या एका पोलिसाची लघवी. प्रयोगशाळेत दोन माणसं त्याची वाट बघत थांबलेली असायची. रोग्याची हकिगत ऐकून एक जण आनंदानं अक्षरशः नाचायचा. दुसरा फार बोलायचा नाही, पण त्याचाही जीव त्या बातमीत अडकलेला असायचा. मग त्या लघवीतून आदल्या दिवशी टोचलेलं औषध गाळून काढायचं आणि पुन्हा त्याच पोलिसाला टोचायला परत पाठवायचं. दुसरा उपाय नव्हता. महिनोन् महिने खपून जेवढं औषध तयार झालं होतं, तेवढं सगळं त्या एका माणसाच्या अंगात गेलं होतं.

औषधाचं नाव पेनिसिलीन.

ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यातलं लाकडी बाकडं आठवलं. माझ्या धाकट्या बहिणीचा लहानपणी घसा दुखायला लागला, मग सांधे सुजले, ताप हटेना, आणि मोठ्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं की हृदयाच्या झडपेला धक्का पोचला आहे. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी तिचं ‘बारा लाखाचं’ इंजेक्शन सुरू झालं. कुपीच्या तळाशी पांढरी भुकटी असायची. नर्सबाई वरची पत्र्याची चकती उचकटायच्या, रबरी बुचातून पाणी आत सोडायच्या आणि कुपी दोन्ही तळहातांत धरून रवी फिरवावी तशी फिरवायच्या. भुकटी पूर्ण विरघळायची नाही, दुधासारखी पसरायची. सुई मध्येच तुंबू नये म्हणून टोचायची घाई असायची. बहीण आईचा पदर दातांत घट्ट धरून ठेवायची. मग आई पैसे द्यायची आणि आम्ही घरी यायचो. बहीण आता पन्नाशीला आली आहे. त्या बाकड्यावर बसणाऱ्या आम्हा कुणालाही, पुढच्या खेपेला औषध असेल की नसेल, असा प्रश्न कधी पडला नाही.

ऑक्सफर्डच्या त्या वॉर्डात दर तीन तासांनी हाच एक प्रश्न होता.

रॅडक्लिफ इन्फर्मरीचं दार पहिल्यांदा उघडलं १८ ऑक्टोबर १७७० रोजी. वैद्यांचा पाठीराखा मानल्या जाणाऱ्या सेंट ल्यूकचा तो दिवस. जॉन रॅडक्लिफ हा इंग्लंडच्या राजघराण्याचा वैद्य. लग्न केलेलं नव्हतं, कमाई अफाट होती. १७१४ साली तो वारला आणि संपत्ती विश्वस्तांच्या हाती आली. त्या पैशांतून ऑक्सफर्डला गोल घुमटाचं प्रसिद्ध ग्रंथालय मिळालं, पुढे वेधशाळा मिळाली आणि हे रुग्णालय मिळालं. जमीन दिली शहराचे खासदार टॉमस रॉनी यांनी, वेशीबाहेरच्या शेतांतली पाच एकर.

रुग्णालय होतं गोरगरिबांसाठी. ज्याच्या गाठीशी पैसा होता तो त्या काळी रुग्णालयात जातच नसे. डॉक्टर त्याच्या घरी येई. इथे वैद्य आणि शल्यविशारद पैसे न घेता काम करत आणि खर्च चाले वर्गणीवर. जो वर्गणी भरेल त्याला रोग्याची शिफारस करण्याचा हक्क. म्हणजे आजारी पडलेल्या शेतमजुरानं आधी एखाद्या वर्गणीदाराचं घर गाठायचं, टोपी काढून उभं राहायचं आणि चिठ्ठी मागायची. आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटांसाठी आजही लोक कुणाकुणाची चिठ्ठी घेऊन हिंडताना दिसतात, म्हणून हे चित्र मला परकं वाटत नाही. अपघातात सापडलेल्याला मात्र चिठ्ठीशिवाय आत घेत, हे त्या लोकांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

चिठ्ठी असली तरी सगळ्यांना प्रवेश होताच असं नाही. देवी किंवा दुसरा कुठलाही संसर्गाचा आजार, क्षय, फेफरं, वाहत्या जखमा, बऱ्या न होणाऱ्या गाठी, गर्भारपण, वेड, आणि मोठी शस्त्रक्रिया नसेल तर सात वर्षांखालचं मूल, यांना दार बंद होतं. हे नुसतं निर्दयपण नव्हतं. एक तापाचा रोगी आत आला की अख्खा वॉर्ड तापायचा, आणि त्यावर कुणाकडे काहीही इलाज नव्हता. जे बरं करता येत नाही ते दाराबाहेर ठेवायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं.

पण रोगजंतू दारावरची पाटी वाचत नाहीत. एकोणिसावं शतक सरलं, निर्जंतुक शस्त्रक्रिया आली, क्ष-किरण आले, १९१३ साली बाह्यरुग्ण विभागाची नवी इमारत उभी राहिली, तरी त्या काळच्या इतर रुग्णालयांसारखा इथेही एक वॉर्ड होताच, जिथे पू झालेले रोगी ठेवत. साधं खरचटलेलं, सुईनं टोचलेलं, हाड मोडून जखम झालेलं. जखम चिघळायची, गळवं यायची, एक फोडलं की दुसरं. महिने जायचे. त्यातले पुष्कळ जण तिथून थेट शवागारात जायचे. सायकलवरचा तो तरुण डॉक्टर चार्ल्स फ्लेचर याच वॉर्डांतून फिरलेला होता. वयाची तिशीही त्यानं अजून ओलांडली नव्हती.

पेनिसिलीनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंगनं लावला, हे आपण शाळेत शिकतो, आणि ते खरंच आहे. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात, हेही धर्मादायच, सुट्टीवरून परत आलेल्या फ्लेमिंगनं जंतू वाढवायच्या एका बशीत बुरशी आलेली पाहिली. बुरशीच्या भोवतीचे जंतू विरघळून गेले होते. त्यानं त्यावर १९२९ साली निबंध छापला. मात्र बुरशीच्या पाण्यातला तो गुणकारी पदार्थ वेगळा काढायला जावं तर हातातच नासायचा. फ्लेमिंगनं हळूहळू तो नाद सोडला आणि दहा वर्षं निबंध कपाटात पडून राहिला.

तो कपाटातून बाहेर काढला ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन पॅथॉलॉजी संस्थेतल्या माणसांनी. संस्थेचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे, मितभाषी आणि कामाला वाघ. एर्न्स्ट चेन बर्लिनचा ज्यू रसायनशास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्यानं देश सोडला. त्याची आई आणि बहीण मागे राहिल्या आणि नाझींच्या हातून संपल्या. तिसरा नॉर्मन हीटली. त्याच्यावर माझा विशेष जीव आहे. तो कोपनहेगनला शिकायला जाणार होता. युद्ध सुरू झालं, जाणं रद्द झालं आणि फ्लोरीनं त्याला ठेवून घेतलं. काचेची नळी, तुटकी घंटी, सायकलची ट्यूब, काहीही हाती द्या, हीटली त्यातून चालणारं यंत्र उभं करायचा.

पदार्थ वेगळा काढायची युक्तीही त्याचीच. बुरशीचं पाणी थंडगार ठेवून आंबट करायचं, म्हणजे पेनिसिलीन पाणी सोडून वर घातलेल्या द्रावणात उतरतं. मग तेच द्रावण किंचित अल्कधर्मी पाण्याबरोबर घुसळलं की पेनिसिलीन पुन्हा पाण्यात येतं आणि घाण मागे राहते. सांगितल्यावर वाटतं, यात काय मोठं? पण दहा वर्षं ज्यांनी ज्यांनी हात घातला त्यांना ते सुचलं नव्हतं.

२५ मे १९४०, शनिवार. सकाळी अकरा वाजता फ्लोरीनं आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकस या जंतूची हमखास जीव घेणारी मात्रा टोचली. हाच जंतू घशातून शिरतो आणि पुढे सांधे व हृदय धरतो. माझ्या बहिणीच्या झडपेचा वैरी हाच. तासाभरानं आठांतल्या चार उंदरांना पेनिसिलीन दिलं. हीटली रात्रभर पिंजऱ्यांपाशी बसून राहिला. मध्यरात्रीनंतर औषध न मिळालेले उंदीर एकेक करून आडवे पडू लागले. पावणेचारपर्यंत चौथाही गेला होता. बाकीचे चार पिंजऱ्यात हिंडत होते. हीटलीनं वहीत नोंद केली, सायकल काढली आणि अंधार पाळलेल्या रस्त्यांवरून घरी गेला. त्याच रविवारी डंकर्कच्या किनाऱ्यावरून इंग्रज सैन्याची माघार सुरू झाली. जर्मन इंग्लंडात उतरतील अशी धास्ती होती. संस्थेतल्या काही जणांनी बुरशीचे बीजाणू आपल्या कोटाच्या अस्तराला चोळून ठेवले. सगळं जाळावं लागलं, पळावं लागलं, तरी बुरशी सोबत येईल.

उंदीर वाचले. पण माणसाचं वजन उंदराच्या तीन हजार पट. इथून पुढे मुद्दा पुरवठ्याचा झाला. एका माणसाला पुरेल एवढ्या औषधाला सुमारे २,००० लिटर बुरशीचं पाणी लागत होतं. बॉम्ब पडत असताना औषध कंपन्या अशा अनिश्चित कामाला हात घालायला तयार नव्हत्या. फ्लोरीनं विद्यापीठातली प्रयोगशाळाच कारखाना करायचं ठरवलं.

लोणच्यावर बुरा येतो तो वरच्या वर, हवेशी. पेनिसिलिअम बुरशीचंही तसंच. खोल भांड्यात ती तळाशी वाढत नाही; पसरट भांडं पाहिजे, पाण्याचा थर दोन बोटांइतकाही नको, वर झाकण पाहिजे, ओतायला तोंड पाहिजे. हीटलीनं बिस्किटांचे डबे वापरून पाहिले, पेट्रोलचे कॅन, भट्टीत भाजायच्या पसरट बशा, जे दिसेल ते. सगळ्यांत चांगली बुरशी आली रॅडक्लिफ इन्फर्मरीतून आणलेल्या जुन्या पद्धतीच्या बेडपॅनमध्ये. चिनी मातीची, बसकी, बाजूला नळीसारखं तोंड असलेली, अंथरुणाला खिळलेल्या रोग्याखाली सरकवायची ती बेडपॅन. दीडशेहून अधिक वर्षं गरिबांची सेवा करणाऱ्या दवाखान्यातून पेनिसिलीनला पहिली मदत मिळाली ती अशी. मला ती कुठल्याही देणगीपेक्षा मोठी वाटते.

पण बेडपॅन रुग्णालयालाही लागत होत्या, आणि हव्या होत्या शेकड्यांनी. मग हीटलीनं त्याच धर्तीचं चौकोनी भांडं कागदावर काढलं: एकावर एक रचता येईल असं, आतून झिलई दिलेलं, तोंड एका बाजूला. स्टॅफर्डशरमधल्या बर्सलेम या कुंभारकामाच्या गावी ते घडवायला दिलं. २३ डिसेंबर १९४० रोजी तो उसनी व्हॅन घेऊन गेला आणि पहिली १७४ भांडी घेऊन आला. २४ला ती धुतली, उकळत्या वाफेत निर्जंतुक केली. २५ डिसेंबरला, नाताळाच्या दिवशी, त्यांत बुरशी पेरली.

कामाला सहा मुली ठेवल्या. रंग मारायच्या फवाऱ्यानं त्या भांड्यांत बीजाणू फवारायच्या, दहाएक दिवसांनी खालचं पिवळं पाणी ओढून घ्यायच्या. पाणी पॅराशूटच्या रेशमातून गाळलं जायचं. पुढचं यंत्र ग्रंथालयानं टाकून दिलेल्या पुस्तकांच्या लाकडी मांडणीवर उभं केलेलं: उलट्या बाटल्या, काचेच्या नळ्या, दुधाचे कॅन आणि बाटली भरली की वाजणारी दाराची घंटी. द्रावणाला पिकल्या केळ्यासारखा गोड वास होता. थंड खोलीत कोट-हातमोजे घालून त्या मुली तासन् तास त्या वासात उभ्या असत. एवढ्या खटाटोपातून उतरायची चिमूटभर तपकिरी-पिवळी भुकटी, आणि तीही शंभरात पाच भागसुद्धा शुद्ध नाही. बाकी सगळा कचरा. मात्र त्या पाच भागांतही जीव वाचवायची ताकद होती.

१७ जानेवारी १९४१ रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या शिरेत गेली. रॅडक्लिफमध्येच कर्करोगानं अखेरच्या टप्प्यावर आलेल्या एका बाईंना डॉक्टरांनी मोकळेपणानं सांगितलं: याचा तुम्हाला उपयोग नाही, विषारी आहे की नाही एवढंच बघायचं आहे. बाई तयार झाल्या. त्यांना थंडी वाजून ताप भरला. भुकटीतल्या अशुद्ध द्रव्यामुळे तो आला, हे शोधून सहकाऱ्यांनी ती आणखी स्वच्छ केली. स्वतःला काहीही मिळणार नसताना त्या बाईंनी हात पुढे केला. या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत आधी नमस्कार करावासा वाटतो तो त्यांना.

आणि मग आल्बर्ट अलेक्झांडर. पोलीस शिपाई, वय ४३. गुलाबाचा काटा गालाला लागला आणि त्यातून सारं झालं, ही गोष्ट जगभर छापली गेली आहे. त्याच्या मुलीनं पुढे सांगितलं की काटा वगैरे काही नव्हतं. वडील साउदॅम्प्टनला बंदोबस्तावर असताना बॉम्बहल्ल्यात जखमी झाले होते. त्याच वर्षी छापलेल्या वैद्यकीय अहवालात ना काटा आहे ना बॉम्ब. ओठाच्या कोपऱ्याशी झालेल्या फोडापासून सुरुवात झाल्याची नोंद आहे. काट्याची गोष्ट का टिकली ते कळतं. फूल, काटा आणि मरण, कानाला गोड लागतं. पण वॉर्डात गोड काहीच नव्हतं. चेहरा, डोकं, डोळ्यांच्या खोबण्या पुवानं भरलेल्या. सल्फा औषध देऊन झालं, अंगावर पुरळ उठलं, गुण आला नाही. ३ फेब्रुवारीला डावा डोळा काढावा लागला. पू फुप्फुसांत उतरला होता.

१२ फेब्रुवारीला फ्लेचरनं पहिलं इंजेक्शन दिलं, २०० मिलिग्रॅम. त्यानंतर दर तीन तासांनी निम्मी मात्रा. एका दिवसात फरक दिसला. ताप उतरला, जखमांतला पू आटू लागला, उरलेला डोळा निवळत चालला. महिनोन् महिने अन्नावर वासना नसलेला माणूस जेवू लागला. सुशिक्षित डॉक्टरांनी असं कधी पाहिलेलं नव्हतं. फ्लेचरची सायकल याच दिवसांतली. शरीर पेनिसिलीन फार वेळ धरून ठेवत नाही, थोड्या तासांत ते मूत्रपिंडातून बाहेर टाकलं जातं. म्हणून ती लघवी सोन्यासारखी जपायची, गाळायची, परत आणायची. दर फेरीला थोडं कमी हाती लागायचं.

पाचव्या दिवशी भुकटी संपली. एकूण ४.४ ग्रॅम. माझ्या बहिणीच्या एकेका कुपीत होतं, त्याहून किती तरी कमी औषध त्याला पाच दिवसांत मिळून गेलं होतं. काही दिवस तो तसाच टिकून राहिला. सगळ्यांना वाटलं, निभावला. मग फुप्फुसातला जंतू पुन्हा उसळला. प्रयोगशाळेत बुरशी वाढत होती, पण बुरशीला तिचे दहा दिवस लागतातच, तिला घाई करता येत नाही. १५ मार्चला तो गेला. औषध काम करतं हे ज्याच्या शरीरानं पहिल्यांदा सिद्ध केलं, त्याला ते पुरलं नाही.

फ्लोरीनं त्यावरून एक कडक निर्णय घेतला: आता लहान मुलं घ्यायची, कारण त्यांना कमी पुरतं. ज्या रुग्णालयानं सात वर्षांखालच्या मुलांना आणि संसर्गाच्या रोग्यांना दार बंद ठेवून सुरुवात केली होती, तिथे आता संसर्गानं मरायला टेकलेल्या मुलांना मुद्दाम शोधून आणलं जात होतं. एक पंधरा वर्षांचा मुलगा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सडत होता, तो बरा झाला. साडेचार वर्षांचा एक मुलगा गोवरानंतर डोळ्यामागच्या संसर्गानं बेशुद्ध होता. तो उठला, खेळण्यांशी खेळू लागला, आणि मग मेंदूतली रोगानं पोखरलेली रक्तवाहिनी फुटून गेला. शवविच्छेदनात संसर्ग जवळजवळ नाहीसा झालेला आढळला. ऑगस्ट १९४१ मध्ये हे सगळे रोगी ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. फ्लोरीच्या पत्नी एथेल स्वतः डॉक्टर. त्यांना नीट ऐकू येत नसे, तरी पुढच्या दोन वर्षांत त्यांनी अधिक औषध, अधिक रोगी आणि बिनचूक नोंदी घेऊन जगाला पटेल असा पुरावा उभा केला.

बाकीची हकिगत प्रसिद्ध आहे, ती लांबवत नाही. फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन जुलै १९४१ मध्ये अमेरिकेला पोचले. तिथे पिओरियाच्या प्रयोगशाळेत मक्याचा स्टार्च काढल्यावर उरणारं पाणी बुरशीला घातलं आणि ती तरारली. त्याच गावच्या बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर आणखी जोमदार बुरशी सापडली. बसक्या भांड्यांच्या जागी मजलाभर उंच टाक्या आल्या. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा जखमींना पुरेल एवढं पेनिसिलीन तयार होतं. १९४५चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटली राहिला.

आपल्याकडे हे औषध कसं आलं, ते मात्र सांगायला हवं. आल्बर्ट अलेक्झांडरनंतर बरोबर तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या कस्तुरबा शेवटच्या आजारात होत्या. धाकटे चिरंजीव देवदास यांच्या आग्रहावरून कलकत्त्याहून विमानानं पेनिसिलीन आणवलं. सामान्य माणसाला त्या वेळी हिंदुस्थानात ते दिसणंही दुरापास्त होतं. गांधीजींनी विचारलं, हे देतात कसं? रात्रंदिवस दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर त्यांनी मुलाची समजूत घातली: मरणाच्या दारात तिला आणखी त्रास नको. औषध आलं, पण टोचलं गेलं नाही. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, बा गेल्या.

त्या वाड्यापासून वीस किलोमीटरच्या आत तेव्हा पिंपरी नावाचं एक लहान गाव होतं. दहा वर्षांनी, १९५४ साली, त्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफनं यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेनं जाणकार दिले, आणि १९५५ मध्ये देशातलं पेनिसिलीन तिथे तयार होऊ लागलं. लोक तिला ‘एचए’ म्हणतात. बसथांब्याचं आणि वसाहतीचं नावही तेच. पिंपरी-चिंचवडची बहुतेक कारखानदारी नंतरची, आधी ही बुरशीची टाकी आली. आईच्या हातातल्या सुट्या पैशांत मावणारी ती कुपी अशी मावली होती. चार ग्रॅमचीही वाण असलेल्या जगापासून आमच्या गल्लीच्या बाकड्यापर्यंतचा रस्ता पिंपरीवरून जातो, हे मला फार उशिरा कळलं. पुण्याहून लोकलनं जाताना ते स्टेशन लागलं की मी आता वाचत असलेलं खाली ठेवतो.

रॅडक्लिफ इन्फर्मरीचा धर्मादायपणा ५ जुलै १९४८ रोजी संपला. त्या दिवशी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, जवळजवळ सारी रुग्णालयं सरकारनं ताब्यात घेतली, आणि वर्गणीदार, चिठ्ठी, आठवड्याला काही पेन्स भरणारे कामगार हा सगळा जमाना मागे पडला. कुणाला आत घ्यायचं हा प्रश्नच कायद्यानं मिटवला. रुग्णालय पुढेही साठेक वर्षं चाललं, मग एकेक विभाग टेकडीवरच्या नव्या रुग्णालयात हलला आणि २००७ मध्ये दार बंद झालं. जागा विद्यापीठानं घेतली. गणिताची संस्था शेजारी उभी राहिली. १७७० सालच्या मूळ दगडी इमारतीत काही वर्षं तत्त्वज्ञानाचे वर्ग भरले.

हीटली २००४ पर्यंत जगला. आपल्यावर अन्याय झाला असं तो कधी म्हणत राहिला नाही. ऑक्सफर्डनं १९९० मध्ये त्याला वैद्यकाची सन्माननीय डॉक्टरेट दिली. विद्यापीठाच्या आठशे वर्षांत वैद्य नसलेल्या माणसाला ती पहिल्यांदाच मिळत होती.

त्याच्या त्या भांड्यांपैकी काही वस्तुसंग्रहालयांत आहेत. पिवळसर, चौकोनी, बसकं भांडं. एका बाजूला तोंड, आणि त्या तोंडाच्या ठेवणीत अजून रॅडक्लिफची बेडपॅन ओळखू येते. आत साधारण एक लिटर मावतं. तसं दोन हजार वेळा भरलं असतं, तर एका माणसाला पुरलं असतं.